हिरव्या बांगड्यांना दोरा

२४ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, रोज लिहून ठेवा. बटाट्या किती खाजवतो त्याला दहापैकी मार्क द्या." म्हणून ही डायरी. बेअरिंगच्या एजन्सीवाल्याने जानेवारीत दिली होती, ती दुकानात चहाच्या कपांखाली पडून होती.

मार्क द्यायला मी काही मास्तर नाही. सातवीनंतर शाळा सुटली. हिंगोलीहून आलो तेव्हा मोटार वाइंडिंगच्या दुकानात तांब्याची तार सोलत होतो. आज धायरीत खाली माझं दुकान आणि वर माझं घर आहे. हे सगळं कानांनी दिलं. पंपाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाशी धरायची, की आतलं बेअरिंग स्वतःहून बोलायला लागतं. सोसायट्यांचे चेअरमन तर फोन पंपाजवळ धरून विचारतात, नागोराव, काय झालंय? तेव्हा कुत्र्याची खाजही मी कानानेच मोजणार. बटाट्याच्या गळ्यात पितळी बिल्ला आहे, खाजवलं की वाजतो. आजचं माप: वर टीव्ही चालू असताना खाली दुकानात ऐकू येईल एवढी.

बटाट्या लॅब्रेडोर. आमच्या लेकीने, शेफालीने आणला. पुढे तिला खराडीला नोकरी लागली, तिथल्या घरमालकाला कुत्रं चालेना, म्हणून तो इथेच राहिला. आता तो मुक्ताचा. मुक्ता माझी बायको. परवाच हिंगोलीहून पुतण्याचं लग्न उरकून आली, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरून. अंगावरची हळद अजून उतरलेली नाही. नवरीपेक्षा काकूनेच जास्त लावून घेतलेली दिसते.

जनावरांची डॉक्टर पूर्वा लहान वयाची आहे, पण समजावून सांगते. बटाट्याला अॅलर्जी आहे. धुळीतल्या किड्यांची आणि गाजरगवताची. म्हणाली, अंगातल्या पहारेकरी पेशी एकमेकींना आणि नसांना निरोप पाठवतात, ते निरोप म्हणजे प्रथिनं. त्यातलं एकतीस नंबरचं खाजेचा निरोप नेतं. बटाट्याच्या पेशी साध्या धुळीलाच चोर समजतात आणि निरोप धाडत बसतात.

मी म्हणालो, "म्हणजे टाकी भरलेली आहे, पण फ्लोट अडकलाय. तो खाली सांगतोय टाकी रिकामी, आणि मोटार आपली चालूच."

ती हसली. "अगदी तेच, काका. हे इंजेक्शन त्या निरोपाला वाटेतच पकडतं. महिनाभर चालेल. फ्लोट मात्र दुरुस्त होत नाही हं."

कातडी खरवडून काचेवर बघितली. खरूज नाही, किडा नाही, माणसाला लागत नाही. हे तिने दोनदा सांगितलं.

२७ फेब्रुवारी

इंजेक्शन म्हणजे चमत्कार! बिल्ला वाजतच नाही. बटाट्या पाय पसरून घोरतो आणि मुक्ता त्याला ओलांडून स्वयंपाक करते.

बिल्ला गप्प झाला म्हणूनच दुसरा आवाज कानावर आला. बांगड्यांचा. सकाळी ती मटार सोलत होती. सोलताना बांगड्या एका ठेक्यात वाजतात. हा ठेका वेगळा होता, घाईघाईचा. वर जाऊन पाहिलं तर मटार बाजूला, आणि बाई तळहात परातीच्या काठावर घासत होती.

"काय झालं?"

"खाजतंय जरा. लग्नातल्या मेंदीचं असेल."

३ मार्च

मेंदीचं नाही. मेंदी उतरली, खाज चढली. तळहात, तळपाय, आता दंडही. अंगावर पुरळ नाही, चट्टा नाही, नुसती खाज.

शेजारचे दिगंबरराव कुठल्याशा सरकारी ऑफिसातून निवृत्त झालेले. फाटकात उभे राहून म्हणाले, "नागोराव, कुत्रं पाळलंय की खाज पाळलीय?"

मी म्हणालो, "डॉक्टर म्हणतात, माणसाला लागत नाही."

"डॉक्टरांच्या घरी कुठे आहे कुत्रं?"

माणूस कडू, पण बोलणं डोक्यात राहतं. संध्याकाळी मुक्ताला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मान वर न करता विचारलं, "घरात कुत्रा-मांजर?" कुत्रा आहे म्हणालो. "मग बरोबर," म्हणाले आणि गोळ्या लिहिल्या. मीही मनात म्हणालो, मग बरोबर.

घरी येऊन तिने कडुनिंबाचा पाला वाटला, त्यात हळद कालवली आणि हातापायांना फासली. पिवळीधमक झाली. मी म्हणालो, आता मुंडावळ्या बांधल्या की पुन्हा लग्न लावायला मोकळे. हसली, पण जेवली नाही. चहाचाही वास नको म्हणते. हिंगोलीत तेलकट खाऊन पोट बिघडलं असणार.

८ मार्च

गोळ्या संपल्या, गुण नाही. आज दुपारी टेबलावर मोटार उघडली होती आणि वर सारखं छुन छुन छुन. माझ्या हातून वाइंडिंगचे वेढे चुकले. असं कधी होत नाही.

वर जाऊन सांगून टाकलं, "हे बघ, असंच चाललं तर बटाट्याला मच्छिंद्रकडे सोडणार." मच्छिंद्रची खडकवासल्याच्या वाटेवर रोपवाटिका आहे, त्याचे सगळे पंप मीच बघतो. मोकळी जागा, पाणी, सावली. कुत्र्याला काय वाईट?

बटाट्या मुक्ताच्या पायावर हनुवटी टेकून पडला होता. तिने पाय काढून घेतला नाही.

१२ मार्च

बरं वाटायला लागलं. कालपासून बांगड्या वाजत नाहीत. विचारलं तर म्हणाली, "थांबली खाज. निंबाने गुण आला."

दोन्ही हातांतल्या बांगड्यांना तिने पांढरा दोरा गुंडाळलाय, चारचार एकत्र करून. हे काय म्हणालो. म्हणाली, एक तडकलीय, लग्नातला चुडा इतक्यात वाढवायचा नाही. बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. असेल. बायकांच्या शास्त्रात मी पडत नाही.

हळदीचा लेप मात्र चालूच आहे. पुन्हा उठू नये म्हणून, म्हणते. लघवीचा रंग गडद झालाय असं सहज बोलली. मी म्हणालो, उन्हाळा लागलाय, पाणी पीत जा. नवरा गावाला पाणी पाजतो आणि तू तहानलेली.

बटाट्या: उत्तम. बिल्ला गप्प. हल्ली सारखा तिचे तळपाय हुंगतो.

१५ मार्च

काल धुळवड. बटाट्याला कोणी रंग लावू नये म्हणून मुक्ता त्याला घेऊन दिवसभर आतल्या खोलीत बसली. सकाळी त्याचे केस विंचरायचा लोखंडी ब्रश सापडेना. सापडला न्हाणीघरात, बादलीमागे. त्याच्या दातांत कुत्र्याचे केस नव्हते. वाळलेलं रक्त होतं.

तिला खुर्चीत बसवलं, पाय वर घेतले. तळवे सोलून निघाले होते.

"खाज थांबली म्हणालीस ना?"

"तुमचे कान, अहो. भिंतीपलीकडची मुंगी ऐकता. मग काय करू? दोरा गुंडाळला."

"तडकलेली बांगडी?"

"नाही तडकलेली."

मला राग आवरला नाही. मला फसवलंस, म्हणालो. एका कुत्र्यापायी स्वतःचे पाय ब्रशने सोलतेस? ती म्हणाली, "त्याचा काय दोष? डॉक्टरीण पोरगी दोनदा म्हणाली, लागत नाही म्हणून." मी म्हणालो, "मग कशाने खाजतंय, सांग."

टेम्पो काढला. बटाट्याला वाटलं फिरायला निघालोय, उडी मारून पुढे बसला. मच्छिंद्रच्या फाटकात सोडला तरी शेपूट हलतच होतं. परत येईपर्यंत मी आरशात पाहिलं नाही.

मुक्ता जिन्यात बसली होती. म्हणाली, "त्याचं पांघरूण राहिलं इथेच."

२१ मार्च

घर धुतलं. गाद्या उन्हात टाकल्या, पडदे उकळत्या पाण्यात घातले. दिगंबरराव म्हणाले, "आता घर घरासारखं दिसतंय." त्यांना चहा दिला नाही.

मच्छिंद्रचा फोन आला. "शेठ, भाकरीला तोंड लावीना. फाटकाकडं तोंड करून बसून हाय." म्हणालो, राहील. जनावर आहे, विसरेल.

खाज थांबलेली नाही. आता ती माझ्यासमोरच खाजवते, लपवत नाही. दोरा मात्र तसाच ठेवलाय. लेप बंद केला, त्याचा वास सहन होत नाही म्हणे. रंग काही उतरेना. हळद चांगल्या प्रतीची असावी, ओळखीच्या गिरणीतून दळून आणतो.

"आता तरी आणा त्याला," म्हणाली.

"महिना होऊ दे. घरातले केस जातील, तुझी खाज जाईल, मग बघू."

"गेली नाही तर?"

मी मोटारीचं झाकण घट्ट करत राहिलो. दुकानात हे बरं असतं, हाताला काम असतं.

पाडवा

गुढी उभारली. शेफाली आली. दारातच आईला मिठी मारली आणि म्हणाली, "आई! वेट लॉस केवढा झालाय तुझा! आमच्या ऑफिसात बायका पैसे भरून करतात गं हे." मुक्ता हसली. ब्लाउज खांद्यावरून उतरत होता, तो तिने पिन लावून घेतला.

कडुनिंब आणि गुळाची गोळी मी सगळ्यांना वाटली. मुक्ता म्हणाली, "मला कडू लागतच नाही. सगळंच तसं लागतं."

जेवायला बसलो तेव्हा तिने आपल्या पानातली पुरी शेफालीच्या पानात सरकवली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "सणाचं एक मागते. नाही म्हणू नका. त्याच्या इंजेक्शनचा महिना भरला. तिकडे गाजरगवत आहे, तो वेडा झाला असेल खाजवून. मला ठाऊक आहे ते कसं असतं. उद्या त्याला दवाखान्यात न्या, मी येते. मग हवं तर परत सोडा तिकडे."

दुसरं काही मागितलं असतं तर बरं झालं असतं. हो म्हणालो.

पाडव्यानंतरचा दिवस

आजच लिहायचं.

रोपवाटिकेत बटाट्याने मला ओळख दाखवली नाही. सरळ मुक्ताकडे गेला आणि तिच्या पायावर पडला. कानामागची कातडी लाल, पोटावर केस नाहीत. टेम्पोत दोघं शेजारीशेजारी बसून खाजवत होती. बिल्ला वाजत होता. बांगड्या दोऱ्यात होत्या.

डॉक्टर पूर्वाने त्याला टेबलावर घेतलं. ओठ उचलून हिरड्या पाहिल्या, खालची पापणी ओढून डोळ्याचा पांढरा भाग पाहिला. जनावर बोलत नाही, रंगावरून ओळखावं लागतं, असं ती नेहमी म्हणते. बटाट्याचं डोकं मुक्ताने धरलं होतं. पोरगी त्याच्या डोळ्यावरून नजर उचलून सहज वर बघायला गेली आणि तिथेच थांबली.

"काकू, जरा खिडकीशी येता?"

मुक्ता गेली.

"वर बघा. हळद कधी लावली होती?"

"लेप बंद करून आठ-दहा दिवस झाले."

"डोळ्यांत लावली होती?"

मला हसू आलं. मला वाटलं ती गंमत करतेय. डोळ्यांत कोण हळद लावतं?

ती हसत नव्हती. मुक्ताचे डोळे उजेडात पिवळे होते. लग्नाच्या हळदीपासून मी तो रंग रोज बघत होतो, त्याच्यावर विनोद करत होतो.

तिने कागदावर पोटाच्या डॉक्टरांचं नाव लिहिलं. "आजच जा, काका. आत्ता इथूनच. बटाट्याला मी ठेवून घेते."

मी विचारलं, "याचंच इंजेक्शन हिला चालणार नाही का? खाज तर थांबेल."

तिने माझ्या हातावर हात ठेवला. "त्याचा निरोप खोटा असतो, काका. काकूंचा खोटा नाहीये."

९ एप्रिल

दवाखान्यातल्या तपासण्या, फोटो, नळ्या. पित्ताची वाट बंद झाली होती, स्वादुपिंडाजवळच्या गाठीने. पित्त रक्तात उतरत होतं, खाज त्याची होती. कुत्र्याचा काही संबंध नाही. हे डॉक्टर सांगत होते तेव्हा शेफालीने माझा शर्ट मागून धरला होता, लहानपणी बाजारात धरायची तसा.

काल दुर्बिणीतून बारीक नळी घातली. वाट मोकळी झाली. आज मुक्ता म्हणाली, "अहो, खाजत नाही!" तिने हात पालथे केले, उलटे केले, आणि रडली. किती दिवसांनी झोपली.

मी डॉक्टरांच्या पाया पडायला गेलो. त्यांनी पाय मागे घेतले. म्हणाले, वाट मोकळी केलीय, गाठ आहे तिथेच आहे. यकृतावरही पसरलीय, ऑपरेशन होणार नाही. आराम मिळेल असं बघू.

मी म्हणालो, आराम तर मिळालाच, साहेब.

शेफाली बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आईला वजनावरून मी काय बोलले, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

१६ एप्रिल

घरी आलो. बटाट्या दारात. डॉक्टर पूर्वाने आणून सोडला, इंजेक्शनचे पैसे घेतले नाहीत, तर मी तिच्या दवाखान्याची पाण्याची मोटार सर्व्हिस करून आलो. मोटार सारखी गुणगुणत होती, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मुक्ताचा रंग उतरला. गोरी दिसते. खाज नाही. भात-वरण दोन घास गेलं. मला वाटतं, आता सुधारेल. डॉक्टर लोक धोक्याचं आधी सांगून ठेवतात.

दिगंबरराव फाटकात आले. पेरूची पिशवी कडीला अडकवून निघून गेले.

३० एप्रिल

मला रात्री नाही, दिवसाच फार त्रास होतो, सगळं स्पष्ट दिसतं म्हणून. आज तिचे केस विंचरताना पाठीचे मणके दिसले.

फ्लोट दुरुस्त झालेला नाही. मला हे फेब्रुवारीतच त्या पोरीने सांगितलं होतं, कुत्र्याबद्दल. नळीने खाज थांबली, एवढंच झालंय. तीन आठवडे मी तेवढ्यावरच खूश होतो.

तिला विचारलं, "दोरा कशाला गुंडाळलास गं? वाजू दिल्या असत्यास तर मी लवकर..."

"वाजत होत्या तेव्हा तुम्ही काय केलंत?" म्हणाली. रागाने नाही. बटाट्याचा कान चोळत म्हणाली, जसं बाजारातला भाव सांगावा.

१९ मे

आवाज खोल गेलाय. खाली दुकानात काही ऐकू येत नाही. म्हणालो, उशाशी घंटी बसवून देतो, बटण दाबलंस की खाली वाजेल. माझ्याकडे सामान पडलंय.

"घंटी नको. हा दोरा काढा."

कात्रीने हळूहळू काढला. दोरा निघाला तसा चुडा कोपरापर्यंत घसरला आणि हात खाली केल्यावर सगळ्या बांगड्या गादीवर निघून पडल्या. एकही फुटली नाही. ती बघत राहिली. म्हणाली, "मोकळे हात बरे दिसत नाहीत."

कासाराकडे गेलो. हिरव्या द्या म्हणालो आणि बोटांनी माप दाखवलं. तो म्हणाला, "हे तर लहान मुलीचं माप आहे. नात का?"

हो म्हणालो.

चारचार भरल्या. बसल्या.

२७ मे

बटाट्याच्या इंजेक्शनचा दिवस. डॉक्टर पूर्वा स्वतः घरी आली. त्याला टोचलं, मग मुक्ताजवळ बसली. मुक्ता तिला म्हणाली, "याला कुठे सोडू देऊ नकोस हं यांना." पोरगी म्हणाली, "नाही सोडू देणार, काकू." मीही तिथेच उभा होतो. मला कोणी विचारलं नाही.

जाताना तिने मार्क विचारले. शून्य, म्हणालो.

दुपारी टेस्टिंगला लावलेल्या मोटारी सगळ्या बंद केल्या. पंखाही बंद केला. गिऱ्हाईक आलं, त्याला खुणेनेच थांब म्हणालो. वर बटाट्याचा बिल्ला एकदा वाजला, कूस बदलली असेल. मग कितीतरी वेळ काहीच नाही.

मग बांगडी वाजली. एकच.

जिना चढून गेलो. विचारलं, पाणी देऊ? डोकं हलवलं. उशी वर करू? नको. दुखतंय? नाही.

"मग काय हवं?"

"काही नको," म्हणाली. "ऐकू येतं का, ते बघत होते."

"येतं," म्हणालो.